विवर्धक, परिकर्मी
विवर्धक, परिकर्मी : दोन आदान टोकांवरील विद्युत् दाबांतील फरक हजारो ते लाखो पटींनी वाढवून प्रदान टोकावर देणारे इलेक्ट्रॉनीय मंडल. व्यवहारात यास ऑप-अँप म्हणतात. बाहेरून रोधक व धारित्र जोडून त्याच्याकडून बेरीज, वजाबाकी, समाकलन इ. गणितीय परिकर्मे करून घेता येतात. त्यावरून हे नाव पडले.

इतिहास : १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांनी ऋण पुनःप्रदायाची कल्पना मांडली. प्रदानाचा काही अंश विरुद्ध दिशेने आदानाकडे परत दिल्यास लाभांक घटतो. परंतु मंडलाचे वर्तन नलिकांच्या अस्थिर गुणधर्मांऐवजी बाहेरील घटकांवर अवलंबून राहते. याच प्रयोगशाळेत कार्ल स्वार्ट्‌झेल यांनी बेरीज करणारा विवर्धक सिद्ध केला व १९४१ मध्ये त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांचा नेम ठरविणाऱ्या एम-९ या यंत्रणेत असे विवर्धक वापरले गेले. ‘परिकर्मी विवर्धक’ ही संज्ञा जॉन रागाझिनी व त्यांचे सहकारी यांच्या १९४७ च्या निबंधामुळे रूढ झाली. पुढे जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीने के२-डब्ल्यू हा नलिकायुक्त विवर्धक बाजारात आणला. त्यास धन व ऋण ३०० व्होल्टचा पुरवठा लागे.

संकलित मंडलांच्या युगात फेअरचाइल्ड कंपनीतील रॉबर्ट विडलर यांचा ७०९ हा विवर्धक (१९६५) लोकप्रिय झाला. मात्र त्याची आंदोलने रोखण्यासाठी बाहेरून घटक जोडावे लागत आणि जोडणीतील चुकीने तो सहज निकामी होई. १९६८ मध्ये डेव्हिड फुलगर यांनी ७४१ मध्ये सु. ३० पिकोफॅराडचे धारित्र आतच बसविले. यामुळे वापर सुलभ झाला. पण त्याची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागली.

गुणवैशिष्ट्ये व निवड : आदर्श परिकर्मी विवर्धकाचा लाभांक व आदान रोध अनंत असतो आणि दोन्ही आदाने समान असता प्रदान शून्य असते. प्रत्यक्ष विवर्धक या आदर्शापासून किती दूर आहे, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकातील आकडे सांगतात. प्रदान शून्यावर आणण्यासाठी आदानांमध्ये जो अल्प दाब द्यावा लागतो, तो विस्थापन दाब होय. ७४१ मध्ये तो सर्वसाधारणपणे १ ते २ मिलिव्होल्ट असतो. के-प्रकारचे तपयुग्म दर अंश सेल्सिअसला सु. ४१ मायक्रोव्होल्ट देते; म्हणजे २ मिलिव्होल्टच्या विस्थापनाने तापमापनात जवळजवळ ५०° से. ची चूक होते. जॉर्ज एर्डी यांच्या ओपी-०७ या विवर्धकाच्या (१९७५) उत्तम प्रतीत ही मर्यादा ७५ मायक्रोव्होल्ट असल्याने चूक २° से. च्या आत राहते.

७४१ च्या आदानांत सु. ८० नॅनोअँपिअर प्रवाह वाहतो. पीएच मूल्य मोजणाऱ्या काच विद्युत् अग्राचा रोध १०० मेगओहम धरल्यास त्यावर ८ व्होल्ट दाब निर्माण होईल. मोजावयाचा संकेत मात्र एका पीएच एककास ५९ मिलिव्होल्ट एवढाच असतो. येथे क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टरचे आदान असलेला विवर्धकच आवश्यक ठरतो. त्याचा आदान प्रवाह पिकोअँपिअरमध्ये मोजतात.

वेगाच्या मर्यादा दोन आहेत. ७४१ चा लाभांक व पट्टरुंदी यांचा गुणाकार सु. १० लाख हर्ट्‌झ असल्याने शंभरपट लाभांकास पट्टरुंदी १० किलोहर्ट्‌झ उरते. प्रदानाच्या बदलाचा कमाल वेग दर मायक्रोसेकंदास ०·५ व्होल्ट आहे. त्यामुळे १० व्होल्ट परमप्रसराची ज्या तरंगाकृती सु. ८ किलोहर्ट्‌झच्या पुढे विकृत होते, मग लाभांक एकच असला तरीही. म्हणून मोठ्या संकेतांसाठी पट्टरुंदी पाहून भागत नाही.

माहितीपत्रकात सर्वसाधारण मूल्य व हमी दिलेली मर्यादा वेगळी असते. ७४१ चा आदान प्रवाह ८० नॅनोअँपिअर असला, तरी मर्यादा ५०० आहे. अनेक नगांत सारखेच चालावयाचे उपकरण या मर्यादेवरूनच आखावे लागते. सर्व गुणांत श्रेष्ठ असा विवर्धक नाही. उपकरणात कोणती चूक सर्वांत घातक आहे, हे ठरविणे ही निवडीची पहिली पायरी होय.