धक्क्याची वाटणी

पूर्व विदर्भातल्या पोलिसी बातम्यांत एक बंदूक वर्षानुवर्षं भेटत राहते: जंगलातून जप्त केलेली भरमार. ती जप्त करणाऱ्या पथकातल्या कुणाच्या तरी खांद्याला पूर्वी हटकून नऊ मिलिमीटरची कार्बाइन लटकलेली असायची. याच भागातल्या नवेगावबांधने या दोन्ही बंदुकांचा काळ पाहिला. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तलाव, भोवती टेकड्या, आणि त्यांच्यावरचं जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. त्याआधी इथे शिकारीचे बार वाजत. नंतर नक्षली चळवळ आली आणि तिच्यामागून सशस्त्र पोलीस आले.

या दोन बंदुकांमध्ये शंभराहून जास्त वर्षांचं अंतर आहे. ते मोजायची माझी एकच रीत आहे: बार उडाल्यावर मागे येणारा धक्का कुणाच्या वाट्याला जातो, ते बघायचं.

भरमारीत सगळा धक्का खांद्याच्या वाट्याला. तोंडाकडून दारू भरायची, वर छर्रे, ठासणीने ठासायचं, टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. कमान तिच्यातही असते, पण ती पोलादाची वाकवलेली पट्टी. घोडा टोपीवर जोरात आपटवणं एवढंच तिचं काम. बंदुकीत स्प्रिंग शिरली ती अशी आग द्यायला. धक्क्याशी तिचा काही संबंध नव्हता.

तो संबंध जोडला हायरम मॅक्सिमने, १८८०च्या दशकात. खांद्याला लाथ मारण्यात वाया जाणारा जोर त्याने कामाला जुंपला. नळी मागे सरकते, रिकामी पुंगळी निघते, नवं काडतूस येतं, आणि मागे गेलेलं सगळं परत पुढे आणते एक स्प्रिंग. बंदुकीच्या डाव्या अंगाला, एका डब्यात, ताणलेली. तिचं नाव फ्यूजी स्प्रिंग. १९१२ साली ब्रिटिश सैन्यात आलेली व्हिकर्स मशिनगन याच घराण्यातली.

व्हिकर्स चालवणारा सैनिक ही स्प्रिंग डोळे मिटून वापरत नसे. स्प्रिंगचा काटा लावून तो तिचा ताण मोजायचा आणि एक स्क्रू फिरवून तो कमीजास्त करायचा. बंदूक काजळीने जड झाली, नळी पूर्ण मागे येईनाशी झाली, की ताण थोडा उतरवायचा. धक्का जेवढा, तेवढीच स्प्रिंग, हे तत्त्व इथे सैनिकाच्या हातात स्क्रूच्या रूपाने आलं. आजचा नेमबाजीतला स्पर्धक पाकिटातल्या तीनचार स्प्रिंगांतून एक निवडतो तेव्हा तो याच सैनिकाचा वारस असतो.

या वारशाची एक शाखा नागपूरजवळ आहे, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात नसते. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली, तिची दुसरी बटालियन कामठीला. १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाली. तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन व्हिकर्स आहेत. सुरुवातीला त्यांच्यासोबत कोरेगावचा स्तंभही होता, पुढे त्याच्या जागी खंजीर आला. ज्यांना सैन्याची दारं दशकानुदशकं बंद होती त्यांच्या हातात, दारं उघडल्यावर पाचेक वर्षांत, स्प्रिंगचा ताण मोजून चालवायची बंदूक आली होती. शौर्याच्या कथांत हा कारागिरीचा भाग गळून जातो, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

कार्बाइनचं घराणं मात्र वेगळं. गेऑर्ग लुगरचं नऊ मिलिमीटरचं काडतूस १९०२चं. ते पिस्तुलासाठी होतं, म्हणजे रायफलीच्या मानाने लेचंपेचं. ह्यूगो श्मायसरने १९१८ मध्ये ते लांब नळीच्या बंदुकीत घातलं आणि मॅक्सिमची सगळी गुंतागुंत काढून टाकली. नळी हलत नाही. काडतुसाच्या मागे कुलूप नाही. मागे फक्त पोलादाचा एक जड ठोकळा, म्हणजे बोल्ट, आणि त्याच्या मागे स्प्रिंग. दारू पेटली की गोळी पुढे जाते आणि पुंगळी त्या ठोकळ्याला मागे ढकलते. याला ब्लोबॅक म्हणतात.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: धक्का स्प्रिंग थोपवते, म्हणून स्प्रिंग जेवढी दांडगी तेवढी बंदूक शांत. आकडेमोड करून बघू. गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटर. जळालेल्या दारूचा वाटा सोडून देऊ. तिचा संवेग होतो साधारण २.९ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. नळी २० सेंटिमीटर धरली तर गोळी बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. स्थिर उभा असलेला ६०० ग्रॅमचा बोल्ट तेवढ्या वेळात अडीच-तीन मिलिमीटर हलतो. आणि स्प्रिंग? ती समजा चार किलोच्या जोराने रेटतेय. हजाराव्या भागात तिच्याकडून मिळतात ०.०४ एकक, म्हणजे सत्तरावा हिस्सा. गोळी नळीत असेपर्यंत स्प्रिंग जवळपास प्रेक्षकच असते. धक्का वजन थोपवतं. स्प्रिंगचं काम पुढे सुरू होतं: सेकंदाला पावणेपाच मीटर वेगाने मागे निघालेल्या ठोकळ्याला वाटेत मंद करणं आणि मग परत पुढे पाठवणं. त्या ठोकळ्यात जवळपास ७ ज्यूल ऊर्जा असते. स्प्रिंग त्यातली जेवढी शोषेल तेवढी शोषेल, उरलेली मागच्या भिंतीवर आपटते.

श्मायसरने आणखी एक युक्ती केली होती. बोल्ट पुढे धावत असतानाच बार उडतो, त्यामुळे धक्क्याला आधी ती धाव जिरवावी लागते आणि ठोकळा हलका ठेवता येतो. १९४१ मधली ब्रिटिश स्टेन याच तत्त्वावर. तिची ख्याती मात्र दुसऱ्या कारणाने पसरली. भरलेली स्टेन दस्त्यावर पडली की बार व्हायचा. पुढे असलेल्या बोल्टला नुसत्या स्प्रिंगने धरलेलं, पडल्याच्या हिसक्याने तो मागे यायचा, मॅगझिनमधून काडतूस उचलायचा आणि स्प्रिंग त्याला इमानेइतबारे पुढे न्यायची. तिच्यानंतरच्या स्टर्लिंगमध्ये एकात एक अशा दोन स्प्रिंगा आल्या, आणि बोल्टवर माती खरवडून काढणारे पीळदार कंगोरे. हीच स्टर्लिंग कानपूरच्या कारखान्यात १-ए-१ कार्बाइन म्हणून तयार झाली आणि आपल्या पोलिसांपर्यंत पोहोचली.

बफर या कथेत अमेरिकेतून येतो. यूजीन स्टोनरने १९५०च्या दशकात रायफलीची स्प्रिंग नळीच्या सरळ रेषेत, थेट दस्त्यात नेली आणि तिच्यापुढे एक दट्ट्या बसवला, तोच बफर. व्हिएतनामच्या काळात दारू बदलली, त्याच रायफलीचं लष्करी रूप असलेल्या एम-१६चा बार काढायचा वेग वाढला, बोल्ट पुढे आपटून उसळी मारू लागला. कोल्ट कंपनीने बफर जड केला आणि त्याच्या पोटात सैल, सरकती वजनं ठेवली. बफर आपटतो तेव्हा ती वजनं क्षणभर मागाहून येऊन धडकतात आणि उसळी दाबून टाकतात. एवढ्याशा सुधारणेत मला सगळ्या कुळकथेतली सर्वांत मोठी हुशारी दिसते. १९८०च्या दशकात कोल्टने याच सांगाड्यात नऊ मिलिमीटरची नळी बसवली, बोल्ट हलवणारी वायूची यंत्रणा काढली, साधा ब्लोबॅक ठेवला आणि बफर आणखी जड केला, कारण इथे बोल्ट धावत नसतो, बंद असतो.

२०१६च्या सुमारास अमेरिकेतल्या यूएसपीएसए या संघटनेने पिस्तुली काडतुसाच्या कार्बाइनला स्पर्धेत स्वतंत्र गट दिला आणि स्प्रिंग निवडणं ही कला झाली. तिथला नियम असा: गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रतिसेकंदातला वेग, भागिले हजार, हे उत्तर किमान १२५ हवं. १२४ ग्रेनची गोळी १०१० फुटांनी सोडली की काम झालं. खेळाडू त्याच्या थोडंसंच वर राहतो. म्हणजे लष्करी काडतुसाच्या मानाने त्याचा धक्का साधारण सातव्या हिश्शाने कमी. त्याच बंदुकीत जुनी दांडगी स्प्रिंग ठेवली तर बोल्ट अर्ध्यातून परततो, पुंगळी अडकते, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहत नाही. फारच मऊ ठेवली तर तो मागे धाडकन आपटतो आणि परतताना काडतूस पुरतं आत रेटत नाही.

या दोन टोकांच्या मधली जागा बरीच रुंद असते आणि तिथे मोजमाप संपून नजर सुरू होते. ताठ स्प्रिंग बोल्टला इतक्या जोरात पुढे फेकते की बंद होताना नळीचं तोंड खाली झुकतं. वेध घेणारा लाल ठिपका लक्ष्याच्या खाली बुडी मारतो आणि दुसरा बार खाली जातो. मऊ स्प्रिंगने ठिपका वरच रेंगाळतो. खेळाडूला हवा असतो तो ठिपका जिथून उठला तिथेच परत बसणारा. त्यासाठी आधी बफरचं वजन ठरवायचं आणि मग स्प्रिंग. उलट क्रमाने जाणारे पैसे घालवतात. काडतूस बदललं की सगळी मांडणी पुन्हा.

हा खेळ आपल्याकडे नाही. नऊ मिलिमीटरचं काडतूस प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं आणि अशा कार्बाइनचा परवाना सामान्य नागरिकाला मिळत नाही. पोलिसांच्या शस्त्रागारात स्प्रिंग निवडली जात नाही, दमली की बदलली जाते. तिथली बंदूक पावसात, चिखलात, मिळेल त्या काडतुसावर चालायला हवी. ठिपक्याची बुडी कोण बघतो. पुण्याच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेने ५.५६ बाय ३० मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवलेली जेव्हीपीसी कार्बाइन तर वायूवर चालते, तिथे ब्लोबॅकचा हिशेबच नाही. २०२१ मध्ये जाहीर झालेलं अस्मी हे मशिन पिस्तूल मात्र नऊ मिलिमीटरचं. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी ते एआरडीईसोबत चार महिन्यांत उभं केलं.

ब्लोबॅक, वजन आणि स्प्रिंग यांचा खेळ महाराष्ट्रात बघायचा तर तो २५ मीटर पिस्तुलात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. काडतूस पॉइंट टू-टू, गोळी २.६ ग्रॅम, पिस्तुलाला १४०० ग्रॅमची कमाल मर्यादा. जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद नाहीसं होतं. तीन सेकंदांत हात वर आणून एकच बार काढायचा. म्हणजे दुसऱ्या बारासाठी नेम परत जागेवर येण्याची घाई इथे नाही, आणि स्प्रिंगकडून अपेक्षा एवढीच की पुढचं काडतूस सात सेकंदांच्या आत बिनबोभाट आत बसलेलं असावं.