पाळीचा कागद

'शेजपाळी' हा शब्द पुण्याच्या ऑफिसात उच्चारला की लोक माझ्याकडे बघतात. बारामती-इंदापूरच्या कालव्यावर मात्र तो शाळकरी पोरालाही कळतो. कालव्याला आवर्तन सुटलं की कोणत्या चारीवर, कोणत्या गटाला, कोणत्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी, हे ठरवणारा तक्ता म्हणजे शेजपाळी. नावातच शेजार आहे. एकाचं भिजलं की पाणी लगतच्या रानात. त्याआधी सात नंबरचा अर्ज भरायचा, मग पास मिळणार, मग पाटकऱ्याच्या यादीत आपलं नाव येणार. वेळ आली की हातात टॉर्च आणि फावडं घेऊन बांधावर हजर. रात्रीचे दोन असोत की दुपारचे.

विद्यार्थी कागदी प्लॅनर वापरतात त्याबद्दल लिहायला घेतलं, तेव्हा लंडनच्या जॉन लेट्सपासून सुरुवात करावी असा विचार होता. त्यानं १८१२ साली छापलेली डायरी ही धंद्यासाठी काढलेली पहिली डायरी समजतात आणि तिच्यात पुढच्या तारखांची पानं कोरी होती. आपल्याकडे रोजनिशी त्याच्या कितीतरी आधीपासून होती. पेशवे दफ्तरात तिचे ढीग आहेत. पण रोजनिशी झालेलं लिहिते. अमुक खर्च झाला, अमुक पत्र गेलं. प्लॅनर न झालेलं लिहितो. हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्हींना आपण सरसकट 'डायरी' म्हणतो. न झालेलं लिहिणारा जुना कागद आपल्याकडे शोधायचा तर पंचांग आहेच, पण त्यातला वेळ ग्रह ठरवतात. माणसांनी एकमेकांशी भांडून, मोजून, वाटून ठरवलेला वेळ मला तरी आमच्या पाटावरच सापडतो.

नीरा डावा कालवा हे दुष्काळाचं अपत्य. १८७६-७८ च्या दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून खोदाई झाली आणि १८८५ साली वीरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं. त्या पाण्याला साठा हवा म्हणून वर भाटघरचं धरण बांधलं. नंतर जे घडलं ते इंग्रज इंजिनिअरांच्या हिशोबात नव्हतं. पाऊस बरा झाला त्या वर्षी शेतकरी पाण्याची पट्टी भरायला तयार नाहीत, आणि पाऊस गेला की सगळ्यांना एकाच वेळी पाणी हवं. त्यात ऊस आला. वरच्या अंगाच्या गावांनी ऊस धरला, भरमसाट पाणी पाजलं, काळी जमीन चोपण व्हायला लागली. आणि खाली इंदापूरकडे, टेलला, पाट कोरडा.

१९०० च्या आसपास या कालव्याच्या कामावर एक इंजिनिअर आला, पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली पहिला आलेला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपण त्यांना धरणं आणि १५ सप्टेंबरचा इंजिनिअर्स डे यामुळे ओळखतो. पण नीरा कालव्यावर त्यांनी सिमेंट ओतलं नाही, वेळापत्रक मांडलं. त्याला ब्लॉक पद्धत म्हणतात. ऊस कुठेही सुटासुटा लावायचा नाही, ठरलेल्या गटांत लावायचा. गटाच्या साधारण एक तृतीयांश जमिनीत ऊस, उरलेल्यात हंगामी पिकं, आणि दर वर्षी ऊस गटातल्या गटात फिरवायचा. मंजुरी सहा वर्षांची. म्हणजे यंदाच नाही, पुढची सहा वर्षं पाणी मिळणार हे कागदावर आलं. माझ्या मते यातली मोठी गोष्ट पाण्याची बचत नव्हे. ज्याला पुढच्या सहा वर्षांची खात्री आहे, तो आज घाबरून जास्तीचं पाणी ओढत नाही.

तिसऱ्या वर्षाला असताना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना सरांनी फळ्यावर आडव्या पट्ट्या काढल्या. पी-वन, पी-टू, पी-थ्री, प्रत्येकाला प्रोसेसरचा थोडा थोडा वेळ. याला गँट चार्ट म्हणतात, हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरच्या नावावरून, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. मी शेजारच्या पोराला म्हणालो, "ही तर शेजपाळीच की." तो माळेगावचा, त्याला लगेच पटलं. पुढे सरांनी 'स्टार्व्हेशन' सांगितलं. पुढच्या प्रोसेस वेळ खात राहतात, मागच्या एका प्रोसेसचा नंबरच येत नाही. आमचं रान इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या टेलला. मला ती व्याख्या पाठ करावी लागली नाही.

शेजपाळीत यावर एक साधा नियम आहे: पाळी शेपटाकडून सुरू करायची. चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याचं आधी भिजवायचं, मग वर वर सरकत माथ्याकडे यायचं. माथ्याच्या माणसाच्या दारातूनच पाणी जातं, त्याला शेवटी तरी मिळणारच. टेलच्या माणसाला शेवटी ठेवलं तर कधीच मिळत नाही.

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी एक दोनशे पानी वही प्लॅनर म्हणून वापरली. विकतचा प्लॅनर तेव्हा चार-पाचशे रुपयांना होता, वही पन्नासला. दर पानावर एक आठवडा, उभ्या सात रकान्यांत. वर इन-सेम आणि एन्ड-सेमच्या तारखा लाल पेनानं. मग नियम तोच, शेपटाकडून. सिलॅबसचं सहावं युनिट आधी. सगळी पोरं पहिल्या युनिटपासून सुरू करतात, ते तीनदा होतं, आणि सहावं परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतं. टर्मवर्कच्या जर्नलचंही तसंच, ज्याची सही सगळ्यात उशिरा मिळते त्या विषयाचं आधी लिहायचं.

त्या वहीत कॉलेजबाहेरचेही रकाने होते. एक पाळीचा. एक शेतीच्या विजेचा, कारण थ्री-फेज एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. एक ऊसतोडीचा. कारखान्यात लागणीच्या नोंदीच्या तारखेप्रमाणे तोड येते, तोड झाली की बिल, बिल आलं की माझी फी. हे तीन रकाने वेगवेगळी माणसं भरायची आणि माझा अभ्यास त्यांच्या मधल्या जागेत बसायचा. दर रविवारी अण्णांना फोन.

"अण्णा, पाळी कधीय?"

"मंगळवारी रात्री धरलीय. पण तुझा पेपर आहे ना बुधवारी?"

"गुरुवारी."

"मग येऊ नको. चुलत्याला सांगतो."

"येतो. बुधवार मोकळा ठेवलाय."

मोकळा ठेवलेला बुधवार मला कागदावर दिसत होता म्हणून मी तसं म्हणू शकलो. वडिलांना गुडघ्याचा त्रास होता, रात्रीच्या चिखलात एकट्यानं बारं द्यायचं म्हणजे जिवाशी खेळ. फोनमध्येही कॅलेंडर होतं, आणि आता माझं अख्खं काम त्याच्यावरच चालतं. पण फोन 'पंधरा मिनिटांनी मीटिंग' एवढंच सांगतो. तो पुढचं एकच टोक दाखवतो. वहीचं पान उघडलं की आठवडा एकदम दिसतो, कुठे दाटी आहे, कुठे ओल आहे, कुठे नुसताच खडक.

घरात अण्णांचा प्लॅनर म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ ला सुरू केलेल्या त्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत महाराष्ट्रातल्या किती घरांनी दुधाचे लिटर आणि गॅसची टाकी लिहिली असेल, याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. आमच्याकडे तिथेच खताचा डोस आणि पाळी. आईचं अक्षर वेगळं, अण्णांचं वेगळं, आणि डिसेंबर संपला तरी जुनं कॅलेंडर टाकत नाहीत. जून महिन्यात 'गेल्या साली पाणी कधी सुटलं होतं' हे त्यात बघायचं असतं. म्हणजे प्लॅनर वर्ष संपलं की आपोआप रोजनिशी होतो.

कागदानं सगळं भागतं असं मात्र नाही. शेजपाळीच्या यादीत नाव असूनही पाणी येत नाही, हे टेलला नवीन नाही. वर कुणीतरी रात्री पाइप टाकतं, कुणाची चारी लवकर बंद होत नाही, कुणाचा फोन वरपर्यंत जातो. तेव्हा आमच्याकडची माणसं काय करतात, तर पासांचे कागद घेऊन एकत्र चारीनं वर चालत जातात. भांडण मोठं होतं, पण बोलायला आधार असतो. तारीख अमुक, वेळ अमुक, गट नंबर अमुक. २००५ च्या कायद्यानंतर पाणीवापर संस्था झाल्या, त्यांचं काम पुष्कळसं हेच आहे, एकच यादी सगळ्यांना दिसेल अशी लावणं.

आता आवर्तनाचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतो. अण्णा तो वाचतात, चष्मा वर करतात आणि उठून भिंतीवरच्या चौकोनात पेनानं लिहितात: 'पाळी, रात्री २ ते ५'. धाकटा भाऊ यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या वहीत पाळीचा रकाना नाही, कारण आम्ही उसाचं निम्मं रान ठिबकवर घेतलं. उरलेल्या निम्म्यासाठी तो कधीकधी फोन करून विचारतो, दादा, मंगळवारी तू येतोयस का मी जाऊ?