नाकाची वाट

नाक चोंदणें हें दुखणें क्षुल्लक खरें. परंतु ज्याला त्यापायीं रात्र बसून काढावी लागते, त्याच्या लेखीं तें क्षुल्लक नसतें. तान्ह्या मुलास तर दूध ओढतांना श्वास नाकानेंच घ्यावा लागतो. ती वाट बंद झाली कीं पोटहि उपाशी राहतें. म्हणून ह्या लहानशा दुखण्यावरील उपायांचा इतिहास चाळणें आम्हांस निरर्थक वाटत नाहीं.

ह्या इतिहासाकडे पाहण्यास तेरेखोल नदीच्या कांठचा आरोंदा गांव सोयीचा आहे. गांव पूर्वींच्या सावंतवाडी संस्थानांतला. पैलतीरावरील पेडणें मात्र १७८८ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखालीं. ह्या मुलखांत एतद्देशीय वैद्यक आणि परदेशी जिन्नस शेजारीं शेजारीं नांदले.

एतद्देशीय परंपरा जुनी. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत नस्यविधीस स्वतंत्र अध्याय दिला आहे. नाक हें मस्तकाचें द्वार, ही त्याची भूमिका. तरीहि सात वर्षांच्या आंत व ऐंशीच्या पुढें नस्य देऊं नये असें तो बजावतो. थेंब-दोन थेंबांचा सौम्य ‘प्रतिमर्श’ तेवढा जन्मभर चालतो. आमच्या घरांतून तव्यावर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगवितात, तीहि सौम्य उपायांतलीच.

पुढें पोर्तुगीजांच्या गलबतांतून तंबाखू आली, आणि तपकिरीच्या डबीनें मराठी बैठकींत प्रवेश केला. शिंक येई, क्षणभर हलकें वाटे. पण नाक सुटण्याऐवजीं मनुष्यच डबीला बांधला जाई.

१८९३ सालीं काशीनाधुनी नागेश्वरराव ह्या आंध्र गृहस्थांनीं मुंबईंत ‘अमृतांजन’ काढलें. संगीताच्या मैफलींत तें फुकट वांटून त्यांनीं त्याची ख्याति केली. मूळ डोकेदुखीवरचें हें मलम पडशावरहि घरोघर चोळलें जाऊं लागलें.

अशा मलमांतील पुदिन्याचें सत्त्व करतें तरी काय? नाक चोंदतें तें केवळ शेंबडानें नव्हे. आंतील त्वचेच्या रक्तवाहिन्या फुगून वाट अरुंद होते. हें सत्त्व ती सूज उतरवीत नाहीं. तें थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंस जागें करतें, म्हणून वारा अधिक येतो असें वाटतें. ही जाणीव घडविणारें द्वार डेव्हिड ज्यूलियस प्रभृति संशोधकांनीं २००२ सालीं शोधून काढलें.

भास म्हणून हा उपाय त्याज्य नव्हे. प्रौढ मनुष्यास तेवढ्यानें झोंप लागली तर तीहि मिळकतच. परंतु तेंच बोट मायेनें तान्ह्याच्या नाकाशीं नेलें, तर कापूर व पुदिन्याच्या उग्रपणानें त्याचा श्वास अडूं शकतो. म्हणूनच दोन वर्षांच्या आंतील मुलांस असलीं मलमें लावूं नयेत असें आजचे डॉक्टर सांगतात. उकळून निवविलेल्या स्वच्छ पाण्याचे, योग्य प्रमाणांत मीठ घातलेले थेंब हा त्यांचा उपाय. वाग्भटाचें तेल आणि हें मिठाचें पाणी एक नव्हेत. पण औषधाची डबी उघडण्यापूर्वीं रोग्याचें वय पाहावें, ही दोघांचीहि शिकवण एकच आहे, आणि आमच्या गृहिणींनीं ती जतन करावी.