सुधागड मुलखातील शिकार आणि बंदुकीची रीत

पाली म्हटले की श्रीबल्लाळेश्वर, आणि बल्लाळेश्वर म्हटले की मंदिरापाठी उभा असलेला सरसगड, एवढे प्रत्येक यात्रेकरूस ठाऊक असते. परंतु सरसगडावरून पूर्वेस दृष्टी टाकली असता सुधागडापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जे रान पसरलेले दिसते, त्याचाही एक इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचा काही भाग आमच्या ज्ञातीतील कित्येक घरांच्या ओटीवर खुंटीला टांगलेला असे. शिकारी पूर्वजांची वर्णने ज्ञातीच्या लेखांतून पुष्कळ येतात. मारलेल्या वाघाची लांबी वीतभरही चुकत नाही. मात्र त्या शिकारी कोणत्या नियमांनी चालत आणि नियम मोडला तर काय होई, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. तेवढ्याचसाठी हा प्रपंच.

मृगया हा राजांचा विनोद खरा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मृगयेला स्वतंत्र स्थान दिले आहे. परंतु ती धनुष्यबाणांची मृगया. आमच्या किनाऱ्याला दारूगोळ्याची खरी ओळख पटली ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर. १५०८ साली चौलच्या बंदरात पोर्तुगिजांची आणि मिसर-गुजरातच्या आरमारांची जी झुंज झाली, तिचे आवाज अष्टागरात घुमले असतील. पुढे तोड्याची बंदूक आली. तिची जळती जामगी एका हाती व दारूचे शिंग कमरेला, अशा स्थितीत रानात हिंडणाऱ्यास सावधपणा कोणी शिकवावा लागत नसे; जो शिकला नाही तो उरला नाही. एकोणिसाव्या शतकात केपाची ठासणीची बंदूक आली आणि विस्तव दृष्टीआड गेला. आमच्या मते निष्काळजीपणाचा आरंभ तेथूनच झाला.

सुधागड हा भोर संस्थानचा घाटाखालचा तालुका. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले व हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला. त्याच जिल्ह्यास १९८१ साली रायगड हे नाव मिळाले. १८७८ चा हत्यारांचा कायदा ब्रिटिश मुलखापुरता. संस्थानी हद्दीत परवाना देणे न देणे दरबाराच्या मर्जीवर असे. शेजारच्या जंजिरा संस्थानात नबाबाने फणसाडचे रान आपल्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. आमच्याकडे तसा थाट नव्हता. येथली शिकार म्हणजे भातशेती उकरणारा डुक्कर, काठाकाठाने फिरणारे भेकर, ससा, रानकोंबडा, आणि गोठ्यावर आलाच तर बिबळ्या.

ठासणीची बंदूक भरणे हे एक अनुष्ठानच होते. प्रथम मापाने दारू, त्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक थरावर गजाचे ठासणे. केप मात्र अगदी शेवटी, आणि तीही जागेवर बसल्यावर. कुंपण ओलांडताना, ओढा उतरताना, दुसऱ्याच्या हाती बंदूक देताना केप काढून घ्यावयाची. अर्धा चढविलेला घोडा सुरक्षित असतो असे तरुण मंडळी समजत. पण झिजलेल्या खाचेतून तो निसटतो हे जुने लोक जाणून होते. नळीच्या तोंडात चिखल शिरला तर बार उडताच नळी फाटते; म्हणून बंदूक कधी जमिनीला टेकवावयाची नाही. केप फुटूनही बार उडाला नाही, तर तोंड निर्जन दिशेस धरून बराच वेळ थांबावयाचे, कारण कोकणच्या दमट हवेत सर्दावलेली दारू सावकाश पेट घेते. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे विसरणारा मनुष्य एकावर एक दोन बार ठासतो. त्यावर उपाय म्हणून गजावर दोन खुणा असत: रिकाम्या नळीत गज जेथवर जातो तेथे एक, भरल्यावर जेथे अडतो तेथे दुसरी. लिहितावाचता न येणाऱ्यासही ती खूण वाचता येई.

हाक्याची रीत याहून कडक होती, कारण हाक्यात धोका दुसऱ्याच्या अंगावर असतो. शिमग्याच्या सुमारास रान वाळले की वाडीवरचे कातकरी व ठाकूर डबे वाजवीत, आरोळ्या देत एका अंगाने रान हाकीत येत. बंदूकवाले दुसऱ्या अंगास ठरविलेल्या जागी बसत. जागा प्रमुखाने नेमून द्यावयाच्या. शेजारी कोठे बसला आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावयाचे. हाकेकरी अमुक झाडापर्यंत आले की पुढे बार टाकावयाचा नाही, जनावर माघारी फिरले तरी नाही. बार करावयाचा तो जनावर ओळखल्यावर, झुडूप हलल्यावर नव्हे. आणि सर्वांत मोठा नियम हा की हाका संपल्याची हाळी होईपर्यंत कोणी आपली जागा सोडावयाची नाही. बारीक छर्रासुद्धा दोनशे यार्डांपलीकडे जातो आणि कातळावर आपटला म्हणजे कोणत्या दिशेस वळेल हे ब्रह्मदेवासही सांगता येत नाही.

हे नियम आम्हांस ग्रंथांतून कळले नाहीत. विलीनीकरणापूर्वी चारपाच वर्षे, आमच्या आजोबांच्या प्रमुखत्वाखाली निघालेल्या एका हाक्यात आमच्याच घरातील एका तरुणाने जागा सोडली. डुक्कर वरच्या अंगाने निसटेल असे वाटून तो वीसपंचवीस पावले पुढे सरकला, कारवी हलताना दिसली, आणि त्याने बार टाकला. कारवीत डुक्कर नव्हता, एक कातकरी हाकेकरी होता. छर्रे मांडीत व गुडघ्यात बसले. घोंगडीच्या झोळीतून त्यास पालीस आणले. प्राण वाचले, पाय मात्र कायमचा वाकडा झाला.

ही हकिकत आमच्या घरी वर्षानुवर्षे वेगळीच सांगितली जाई. डुकराने त्यास फाडले, असे आम्ही लहानपणी ऐकले व पुढे मित्रांसही ऐकविले. वडिलांनी आपल्या अखेरच्या आजारात ती दुरुस्त केली. “डुक्कर नव्हता रे, आपला बार होता,” एवढेच ते म्हणाले, आणि मग बारकावे एकेक करून सांगितले. पुढे जुनी बाडे चाळताना एक जमाखर्चाची वही हाती आली. तीत दर सुगीस भाताची एक नोंद आहे, पुढे ‘हाकेवाला’ असे लिहिलेले. नाव नाही. बंदुकीच्या परवान्याचा, दारूच्या खर्चाचा, किंबहुना कुत्र्यांच्या नावांचाही उल्लेख त्याच वहीत आहे. जखम करणाराचे नाव झाकण्यासाठी जखमी मनुष्याचेही नाव गेले, असे आम्हांस वाटते. काही ज्ञातिबांधवांनी हा मजकूर या अंकी नसावा असे प्रेमाने सुचविले. त्यांच्या मताचा आदर राखूनही आम्ही तो ठेवला आहे.

त्या वर्षानंतर आजोबांनी एक नवा रिवाज घातला. हाक्यास निघताना सर्व केपा त्यांच्याकडे जमा करावयाच्या. प्रत्येकास जागेवर बसवून झाल्यावर ते स्वतः एकेक केप हाती देत. जागेवरून उठलेला मनुष्य दिसला की हाका तेथेच थांबे, मग रानात काहीही असो. या रिवाजामुळे शिकार कमी मिळू लागली, अशी कुरकुर पुष्कळ झाली म्हणतात.

यापुढचा इतिहास कायद्यांचा आहे, तो थोडक्यात सांगतो. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना शेतकऱ्यास मिळण्याची तरतूद ठेवली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची तरतूदच रद्द झाली. नबाबाचे फणसाड १९८६ साली अभयारण्य झाले आणि सुधागडचे रानही २०१४ साली त्याच मालिकेत आले. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरास मारावयाचे तरी वनखात्याची रीतसर परवानगी लागते. हे योग्यच झाले. ज्या रानात एके काळी ढाण्या वाघ होता तेथे आज तो नाही, आणि त्यात आमच्या ओटीवरच्या बंदुकांचा वाटा होता.

तथापि नेमबाजी संपली नाही. तिने वेष पालटला. विलायतेत पूर्वी जिवंत पारवे सोडून त्यांवर नेम धरीत. १९०० सालच्या पॅरिसच्या ऑलिंपिकमध्येही तसे झाले. त्या पारव्यांची जागा मातीच्या तबकडीने घेतली. आज जागतिक स्पर्धांत वापरतात ती तबकडी सुमारे ११० मिलिमीटर व्यासाची असून वजनाने १०५ ग्रॅमच्या आसपास असते. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत याच प्रकारात रौप्यपदक मिळविले. आणि आमच्या वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा पुढे नेमबाजांच्या कित्येक पिढ्यांची पहिली पायरी ठरली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले.

अशा तबकडीच्या मैदानावर आम्ही एकदा प्रेक्षक म्हणून गेलो होतो. तेथे दुनळी बंदूक मधून मोडलेली, म्हणजे नळ्या उघड्या ठेवून, हातावर घेऊनच चालतात. ती रिकामी आहे हे पलीकडच्या मनुष्यासही दिसावे म्हणून. काडतूस घालावयाचे ते आपल्या जागेवर उभे राहून, आपली पाळी आल्यावर. शिक्षकाने हाळी दिली की जो जेथे असेल तेथे बंदूक उघडतो. बार न उडाल्यास तोंड मैदानाकडेच ठेवून थांबतात. शेजारच्याचा नेम चुकला तर हसत नाहीत, आणि त्याची बंदूक न विचारता उचलीत नाहीत. आम्ही सोबतच्या चिरंजीवांस म्हटले, “यांतले निम्मे तर आजोबांचेच आहे.” ते म्हणाले, “पण येथे समोर कोणी माणूस हाकीत येत नाही ना, आबा.”

आमच्या घरची बंदूक परवान्याची मुदत संपल्यावर वडिलांनी सरकारजमा केली. गज मात्र माळ्यावर राहून गेला. त्यावरच्या दोन्ही खुणा बोटाला अजून लागतात. वहीतल्या नोंदी १९६७ च्या सुगीपर्यंत आहेत. त्या माणसाचे नाव काय होते, हे विचारावयास गेल्या वर्षी आम्ही वाडीवर जाऊन आलो. एका वृद्ध बाईने ते सांगितले. तिची संमती घेऊन आम्ही ते वहीत, पहिल्या नोंदीच्या समोर, शाईने लिहून ठेवले आहे.