हवेत घातलेली साखळी

उन्हाळा लागला की सुती, जाळीदार क्रोशे टॉप दुकानांतून दिसू लागतात. गोव्याच्या किनाऱ्यालगत तर ते बारा महिने टांगलेले असतात. बघणाऱ्याला वाटतं, टॉप आजकालचा आणि क्रोशे मात्र आजीपणजीच्याही आधीपासून चालत आलेलं. खरं तर दोन्ही अंदाज चुकतात. दोन सुयांवरच्या विणकामाच्या मानाने क्रोशे अगदी अलीकडचं आहे. डॅनिश अभ्यासक लिस पालुदान यांनी या कलेच्या इतिहासाचा कसून माग काढला; युरोपात १८०० सालाआधीचा खात्रीचा पुरावा त्यांना कुठेच सापडला नाही. टॉपचं म्हणाल, तर तशीच जाळीदार पोलकी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने वापरली जात होती.

मग हे आलं कुठून? सगळ्यांत पटणारा धागा आपल्याकडे येऊन पोचतो. कच्छ-सौराष्ट्रातले मोची चामडं शिवायच्या आरीसारख्याच बारीक, टोकाला आकडा असलेल्या हत्याराने कापडावर भरतकाम करत. कापड ताणून धरायचं, दोरा खाली ठेवायचा, आरी वरून आत घालायची, दोऱ्याचा फास वर ओढायचा आणि पुढचा फास त्यातूनच काढायचा. झाली साखळी. आज आपल्याकडे लग्नाच्या ब्लाऊजवर जे आरी वर्क करून घेतात, त्याची रीत हीच. सतराव्या शतकात गुजरातचं असं भरलेलं कापड खंबायतच्या व्यापारातून युरोपात जात होतं, आणि अठराव्या शतकात भारत, तुर्कस्तान आणि चीनकडची ही पद्धत तिथल्या दिवाणखान्यांत रुजली. ताणलेलं कापड ढोलकीच्या पुडीसारखं दिसायचं, म्हणून फ्रान्समध्ये तिला तांबूर, म्हणजे ढोल, म्हणू लागले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मादाम द पोंपादूरचं द्रूए या चित्रकाराने १७६३-६४ मध्ये रंगवलेलं चित्र आहे. फ्रान्सच्या राजाची ही लाडकी बाई त्यात तांबुराच्या चौकटीशी बसलेली दिसते.

यानंतरची पायरी मला या सगळ्या कथेत सर्वांत धाडसाची वाटते. कुणीतरी खालचं कापडच काढून टाकलं. साखळीला आधार साखळीचाच. आकडा मागच्या टाक्यात घातला की नवी ओळ उभी राहते, आणि जिथे टाका घातला नाही तिथे भोक उरतं. ते भोकही नक्षीतच धरायचं. असं पहिल्यांदा कुणी केलं त्याचं नाव इतिहासात नाही. पण छापलेले नमुने १८२३च्या सुमारास ‘पेनेलोपे’ या डच मासिकात आले, आणि ते होते पैशांच्या बटव्यांचे.

बटव्यापासून अंगावरच्या कपड्यापर्यंत ही कला पोचली ती आयर्लंडमध्ये, आणि तीही भुकेपोटी. १८४५ला बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकमधल्या उर्सुलाइन जोगिणी मुलींना क्रोशे शिकवू लागल्या. १८४७मध्ये मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावात धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी तेच सुरू केलं. समोर नमुना व्हेनिसच्या जुन्या, अतिशय महाग लेसचा. ती साध्या सुईने करायला अतोनात वेळ लागे. क्रोशाच्या सुईवर तसाच उठाव कितीतरी लवकर येई. लागायचं काय? एक आकडा आणि सुती दोरा. एलेनोर रिएगो द ला ब्रांशार्डिएर यांची क्रोशेची पुस्तकंही याच सुमारास निघू लागली, त्यामुळे नमुने घरोघरी पोचले.

आयरिश क्रोशेची बांधणी समजून घेतली की त्या हलकेपणाचं गुपित कळतं. गुलाब, पानं आणि तिपानी शॅमरॉक आधी सुटे विणायचे. कडेला जाडसर दोरा धरून त्यावर मुके खांब, म्हणजे आखूड, घट्ट टाके घालायचे; त्याने फुलाला उठाव येतो. मग पोलक्याच्या आकाराच्या कापडावर ही फुलं उलटी टाचायची आणि मधली सगळी जागा साखळ्यांच्या विरळ जाळीने भरायची. क्लोन्सच्या बायका त्या जाळीत एक खास गाठ घालत: साखळी घातली की सुईवर दोरा घ्यायचा, सुई साखळीखालून फिरवायची, पुन्हा वर आणायची, असं आठ-दहा वेळा. मग त्या सगळ्या वेढ्यांतून एकाच झटक्यात दोरा ओढून काढायचा. हात जरा आवळला की दोरा अडकतो, सैल सुटला की गाठ विस्कटते. शेवटी टाचलेले टाके उसवून खालचं कापड बाजूला केलं की हातात राहते फुलं आणि हवा. १९००च्या पुढेमागे लंडन-पॅरिसमध्ये अशा पोलक्यांना मोठी मागणी होती.

दोऱ्याचीही एक गोष्ट आहे. नेपोलियनच्या नाकेबंदीत रेशीम मिळेनासं झालं, तेव्हा स्कॉटलंडमध्ये पेस्लीच्या क्लार्क घराण्याने रेशमाच्या तोडीचा गुळगुळीत सुती दोरा बनवला. १८९६मध्ये क्लार्क आणि पेस्लीतलेच दुसरे दोरेवाले कोट्स एक झाले. आपल्या आई-मावश्यांनी ज्या अँकरच्या गोळ्यांवर तोरणं आणि रुमाल विणले, ते याच घराण्याचे.

पुढे यंत्रावर आयरिश क्रोशेसारखी दिसणारी लेस निघाली, फॅशन बदलली आणि ते पोलकं मागे पडलं. साठ-सत्तरच्या दशकांत क्रोशेचे कपडे परतले, तसे आता पुन्हा परतलेत. पण खरा क्रोशे कारखान्यातल्या यंत्राला अजून साधलेला नाही. यंत्रावरची जाळी क्रोशेसारखी दिसते, पण तिची वीण वेगळी असते. हातच्या कामात प्रत्येक खांबाच्या माथ्यावर साखळीचे दोन धागे स्पष्ट दिसतात. ते दिसले की समजावं, हा टॉप कितीही स्वस्त असो, त्याचा एकूण एक टाका कुणाच्या तरी बोटांनी घातला आहे.

ती बोटं कुणाची, हे आपण विचारायलाच हवं. आंध्रातल्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम नेलं आणि आजही तिथल्या घराघरांतून माल परदेशी जातो. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२च्या आपल्या पुस्तकात तिथल्या बायकांचं जिणं मांडलं. संसार सांभाळून रोज तासन्‌तास विणणाऱ्या या बायका कामगार म्हणून मोजल्याच जात नव्हत्या. त्या गृहिणी, आणि त्यांचं काम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग. मजुरी त्या हिशेबाने तुटपुंजी, नफा निर्यातदाराचा. कामाची वाटणीही आयरिश बांधणीसारखीच, फुलं वेगळी आणि जोडणी वेगळी: काही जणी नुसती फुलं विणतात, आणि ती एकमेकांना जोडायचं काम दुसऱ्याच घरात होतं.