आयाबायांचा चहा

विधिमंडळाचं अधिवेशन तोंडावर आलं की मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात आणि विरोधक बहुतेक वेळा त्या चहावर बहिष्कार घालतात. सरकारं बदलली, बहिष्कार घालणारे आणि बोलावणारे यांची अदलाबदल झाली, रिवाज मात्र चालूच आहे. आमच्या आईच्या चहावर कधी कुणी बहिष्कार घातल्याचं मला आठवत नाही. दुपारी साडेतीनला शेजारच्या तिघी-चौघी यायच्या, आल्याचा वास सुटायचा आणि आम्हा मुलांना खेळायला बाहेर पिटाळलं जायचं. आत काय चालायचं ते कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या नवऱ्याची गेलेली नोकरी, भिशीचा पहिला नंबर कुणाला द्यायचा, असे निकाल तिथे लागत.

बायकांच्या अशा चहाचा माग काढत गेलं तर वाटेत एक तारीख लागते, ९ जुलै १८४८, रविवार. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात वॉटर्लू नावाचं एक गाव आहे. तिथल्या जेन हंटबाईंनी चौघींना चहाला बोलावलं. हंटबाई स्वतः नुकत्याच बाळंत झालेल्या, मूल अजून महिन्याचंही नव्हतं. पाहुण्यांत फिलाडेल्फियाच्या ल्युक्रिशिया मॉट होत्या. त्यांची धाकटी बहीण मार्था राइट पोटुशी. गावातल्याच मेरी अॅन मॅक्लिंटॉक. चौथ्या एलिझाबेथ कॅडी स्टॅंटन, वय बत्तीस, घरी तीन लहान मुलगे, नवरा सारखा दौऱ्यावर. एलिझाबेथ सोडून बाकी साऱ्या क्वेकर पंथाच्या घरांत वाढलेल्या.

मॉट आणि स्टॅंटन यांची ओळख जुनी होती. १८४० मध्ये लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा अमेरिकेहून आलेल्या स्त्री-प्रतिनिधींना सभागृहात बसू दिलं नाही. त्यांना वेगळ्या जागी बसवून नुसतं ऐकायला लावलं. परत गेल्यावर बायकांची स्वतःची परिषद भरवायची, असं दोघींनी तेव्हाच ठरवलं. त्यानंतर आठ वर्षं गेली. मुलं, स्वयंपाक, आजारपणं. त्या आठ वर्षांत जे झालं नाही, ते एका दुपारच्या चहात झालं. स्टॅंटनबाईंनी मनातली सगळी मळमळ बोलून दाखवली आणि उठण्याआधी परिषदेची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात द्यायचं ठरलं. दहा दिवसांनी, १९ आणि २० जुलैला, शेजारच्या सेनेका फॉल्समधल्या वेस्लियन चॅपलमध्ये परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रियांनी आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या, आणि बायकांना मताचा अधिकार हवा ही मागणी त्यात होती. जाहीरनाम्याचा मसुदा मॅक्लिंटॉकबाईंच्या बैठकीतल्या एका गोल मेजावर तयार झाला. ते मेज आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मला या गोष्टीत सगळ्यांत आवडते ती जागा. ओली बाळंतीण आणि पोटुशी बाई सभेला निघाल्या असत्या तर दारातच चार प्रश्न आले असते. चहाला निघालेल्या बाईला कोण काय विचारणार?

ही सवलत चहाला मिळाली कशी, हे पाहायला आणखी मागे जावं लागतं, आणि तिथे चक्क मुंबई भेटते. १६६२ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून लंडनला आली. तिच्या हुंड्यात मुंबई बेट होतं. पुढे १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. कॅथरीनला माहेराहूनच चहाची सवय होती. लंडनमध्ये चहा तिच्या आधीच पोचला होता, पण तो मिळे कॉफीहाउसमध्ये, आणि कॉफीहाउस म्हणजे पुरुषांचा अड्डा. राणीच्या महालात मात्र तो बायकांचं पेय झाला आणि तिथून सरदारांच्या घरांत उतरला. पानं फार महाग, म्हणून डब्याला कुलूप, आणि किल्ली मालकिणीकडे. चहा करायचा आणि ओतायचा तोही तिनेच, नोकरांवर भरवसा नाही. कमरेच्या किल्ल्यांचं वजन आपल्याकडच्या सासूबाईंना वेगळं सांगायला नको. मुंबईचं पुढे काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. हुंड्याबरोबर आलेल्या त्या सवयीने मात्र इंग्लंडातल्या बाईला घरातच एक छोटी गादी मिळवून दिली.

दुपारच्या चहाचं श्रेय १८४० च्या सुमाराच्या बेडफर्डच्या डचेसला, अॅना मारियाला, दिलं जातं. रात्रीचं जेवण उशिरा, दुपारी पोटात खड्डा पडे, म्हणून तिने खोलीत चहा आणि खाणं मागवलं, मग मैत्रिणींना बोलावू लागली, असं सांगतात. एका बाईला भूक लागली आणि प्रथा जन्मली, हे जरा जास्तच सोयीचं वाटतं. पण ती व्हिक्टोरिया राणीच्या दरबारातली होती, त्यामुळे तिचं पाहून इतर घरांनी उचललं असणार.

चहा पिण्यासारखंच चहा सोडण्यासाठीही बायका जमल्या आहेत. बोस्टनच्या बंदरात १७७३ मध्ये चहाच्या पेट्या बुडवल्या, ती पुरुषांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एडंटन गावात ५१ बायकांनी ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराला पाठिंबा देणाऱ्या ठरावावर आपापल्या नावाने सह्या केल्या. लंडनमध्ये लगेच व्यंगचित्र निघालं. कुरूप बायका, खाली दुर्लक्षित पोर, कुत्रा. बाई सही करायला बसली की घरातलं मूल रडतं असं दाखवायचं, ही युक्ती तेव्हापासूनची.

विसाव्या शतकाच्या तोंडाशी लंडनमधल्या टी-शॉपमध्ये बाईला एकटीने बसता येऊ लागलं आणि मताधिकारवाल्या बायकांनी ही जागा लगेच वापरली. १९०९ मध्ये पॅंकहर्स्ट मायलेकींच्या संघटनेने मोठं प्रदर्शन भरवलं, त्यातल्या उपाहारगृहासाठी खास कपबश्या काढल्या होत्या. त्यांवरचं देवदूताचं चित्र मुलीने, सिल्व्हियाने, काढलेलं.

आता आयांकडे वळू. १८५८ च्या सुमारास आजच्या वेस्ट व्हर्जिनियात अॅन रीव्ह्ज जार्व्हिस या बाईने गावोगावच्या आयांची मंडळं काढली. तिची स्वतःची बरीच मुलं लहानपणीच दगावली होती. मंडळांचं काम म्हणजे दूध तपासणं, घरं आणि पाणी स्वच्छ ठेवायला शिकवणं, आजारी बाईच्या घरात मदतीला बाई देणं. यादवी युद्ध पेटलं तेव्हा या मंडळांनी दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा केली. युद्ध संपलं तरी गावातली माणसं एकमेकांकडे बघेनात. मग १८६८ मध्ये या बाईने प्रंटीटाउनला ‘आयांचा मैत्री दिवस’ घेतला आणि दोन्हीकडच्या सैनिकांना, त्यांच्या घरच्यांना एका जागी आणलं.

तिची मुलगी अॅना. आई १९०५ मध्ये गेली, तेव्हा मुलीने तिच्या स्मरणार्थ दिवस पाळायचा घाट घातला. १० मे १९०८ ला ग्राफ्टनच्या चर्चमध्ये तिने पाचशे पांढरे कार्नेशन पाठवले, आणि १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार ‘मदर्स डे’ म्हणून जाहीर केला. अॅनाचा एका चिन्हावर फार कटाक्ष होता. इंग्रजीत ‘मदर्स’ लिहिताना वरचा स्वल्पविराम ‘एस’च्या आधी, म्हणजे एकवचन. आपापली एकच आई. पुढे फुलवाल्यांनी आणि भेटकार्डवाल्यांनी दिवस पळवला, तेव्हा तिने कोर्टकचेऱ्या केल्या. फिलाडेल्फियातल्या वॉनमेकर दुकानाच्या टी-रूममध्ये ‘मदर्स डे सॅलड’ मागवून ते जमिनीवर ओतलं, पैसे ठेवले आणि ती निघून गेली, असं सांगतात. सगळे दोष दुकानदारांवर टाकतात. मला वाटतं, एकवचन केलं तेव्हाच दुकानदारांचं काम सोपं झालं. दूध तपासणाऱ्या पंचवीस जणींना कार्ड कोण विकणार? आपापल्या आईला मात्र प्रत्येकाला विकता येतं.

आपल्याकडे मातृदिन म्हणतात तो पिठोरी अमावास्येला, श्रावणाच्या शेवटी. उपास आईने करायचा, चौसष्ट योगिनींची पूजा तिने करायची, आणि खीरपुरीचं वाण मागे धरून ‘अतीत कोण?’ असं विचारायचंही तिनेच. पोरांनी ‘मी’ म्हणायचं आणि खायचं. कौतुक आईचं, राबणूक आईचीच. बायकांनी जमायचं ते हळदीकुंकवाला, आणि तिथे विधवेला दार बंद होतं. चहाच्या कपाला कपाळ बघायची गरज पडत नाही, पण चहाही आपल्याकडे सुखासुखी आला नाही. १४ ऑक्टोबर १८९० ला पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव यांनी नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, ते त्यांच्या पत्नी रमाबाईंना रुचलं नव्हतं. पुरुषांनी एक कप चहा घेतला, त्याचा हा गाजावाजा.

त्यानंतर शंभर वर्षांच्या आत तोच चहा आमच्या घरी दुपारच्या साडेतीनला येऊन बसला होता. त्या चौघींत एक विधवा होत्या, सवाष्णींच्या हळदीकुंकवाला न येणाऱ्या. चहाला त्या सगळ्यांच्या आधी येत आणि आधण त्याच ठेवत. बाबा साडेपाचला घरी येत तोवर कपबश्या धुऊन मोरीशेजारच्या फळीवर पालथ्या घातलेल्या असायच्या.

“काय चाललं होतं?” बाबा विचारायचे.

“काही नाही, चहा घेतला,” आई म्हणायची.