‘छान काम केलंस’ याला उत्तर काय द्यायचं? इंग्रजी शिकणारे कौतुकापाशी का अडखळतात

‘युवर प्रोजेक्ट इज व्हेरी गुड,’ असं मुलाखत घेणारे अधिकारी म्हणतात. चंद्रपूर किंवा गडचिरोलीतून आलेली विद्यार्थिनी मान खाली घालून उत्तर देते, ‘नो सर, नथिंग स्पेशल.’ तिच्या इंग्रजीत चूक काहीच नाही. तिच्या मते तिने नम्रपणे उत्तर दिलेलं असतं. समोरच्याला मात्र वाटू शकतं की हिचा स्वतःच्या कामावरच विश्वास नाही.

हा गैरसमज नेमका कुठून येतो? कौतुकाला काय उत्तर द्यायचं, याचे नियम प्रत्येक भाषेत आणि समाजात वेगळे असतात. नवी भाषा शिकताना शब्द बदलतात, पण हे नियम बऱ्याचदा जुन्याच भाषेचे राहतात.

कौतुकाचं उत्तर अवघड का असतं?

अमेरिकी अभ्यासक अनिता पोमेरान्ट्झ यांनी १९७८ मध्ये यामागची अडचण मांडली. कौतुक झालं की माणूस दोन बाजूंनी ओढला जातो. समोरच्याचं म्हणणं खोडू नये, असं एकीकडे वाटतं आणि स्वतःची स्तुती स्वतः करू नये, असं दुसरीकडे. त्यामुळे साधारण तीन वाटा उरतात: कौतुक स्वीकारणं, ते सौम्य करणं किंवा सरळ नाकारणं.

मराठीत या तिन्ही वाटा रोज दिसतात. ‘साडी छान आहे’ म्हटलं की ‘अगं, जुनीच आहे’ किंवा ‘सेलमध्ये घेतली’ असं उत्तर येतं. स्वयंपाकाचं कौतुक केलं की ‘कसलं काय, आज घाईत केलं’ असं म्हटलं जातं. परीक्षेतल्या यशाबद्दल मोठ्यांना ‘तुमचा आशीर्वाद’ असं सांगितलं जातं. ‘धन्यवाद’ हा शब्द आहे, पण तो भाषणात किंवा पत्रात जास्त सापडतो. घरात कुणी आईला ‘धन्यवाद’ म्हटलं तर ते परकं वाटतं.

अरबी भाषकांचा अभ्यास काय सांगतो?

या विषयावर अरबी भाषकांचा बराच अभ्यास झाला आहे. सीरियातले अरबी भाषक आणि अमेरिकी इंग्रजी भाषक यांची तुलना करणारा एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकी उत्तरांपैकी ५० टक्के स्वीकाराची, ४५ टक्के सौम्य करणारी आणि ३ टक्के नकाराची होती. सीरियातल्या उत्तरांपैकी ६७ टक्के स्वीकाराची आणि ३३ टक्के सौम्य करणारी होती. थेट नकार एकही नव्हता.

म्हणजे दोन्हीकडे कौतुक स्वीकारलं जातं, पण स्वीकारण्याची रीत वेगळी आहे. इंग्रजीत एक ‘थँक यू’ पुरतं. अरबीत अनेकदा कौतुक करणाऱ्याचंच उलट कौतुक केलं जातं किंवा त्याला दुवा दिला जातो. एखाद्या वस्तूचं कौतुक झालं तर सीरियात ‘मुकद्दम’ असं म्हणण्याची पद्धत आहे. त्याचा भाव ‘ही तुमचीच समजा’ असा असतो. ऐकणाऱ्याने ती वस्तू खरंच घेऊन जावी, अशी अपेक्षा नसते. हेच इंग्रजीत शब्दशः म्हटलं तर समोरचा माणूस गोंधळतो. मराठीतलं ‘आवडली? मग घेऊन जा ना’ हे याच्या जवळचं.

हे नियम कायमचे नसतात. चीनमधल्या शीआन शहरात रोंग चेन यांनी केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ९५ टक्के उत्तरं कौतुक नाकारणारी होती. त्याच शहरातला पुढचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा बहुतांश लोक कौतुक स्वीकारत होते.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा का?

कारण इथे इंग्रजीपर्यंतची वाट अनेकदा दोन भाषांमधून जाते. भामरागड, एटापल्ली भागात अनेक मुलांच्या घरी माडिया बोलली जाते. इतर ठिकाणी गोंडी, चंद्रपूरच्या काही तालुक्यांत कोलामी आणि सिरोंचा भागात तेलुगू आहे. या चारही भाषा द्रविड कुळातल्या आहेत, तर मराठी इंडो-आर्यन कुळातली. शाळेत मराठी येते. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजीही पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे अनेक मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा ठरते.

मराठी भाषक मुलांचीही एक अडचण आहे. झाडीपट्टीत ‘काही नाही जी’ म्हणताना त्या ‘जी’मध्ये आदर आणि आपलेपणा दोन्ही असतो. इंग्रजीत जाताना तो ‘जी’ गळून पडतो आणि कोरडं ‘नथिंग’ तेवढं उरतं.

ही चूक आहे का?

ब्रिटिश भाषाभ्यासक जेनी थॉमस यांनी १९८३ मध्ये यातला महत्त्वाचा फरक दाखवला. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, ‘याची भाषा कच्ची आहे.’ बोलण्याची रीत चुकली तर मात्र तो माणसाच्या स्वभावावर शिक्का मारतो: उद्धट, घुमा किंवा आत्मविश्वास नसलेला. गंमत म्हणजे व्याकरण जितकं चांगलं, तितका हा शिक्का लवकर बसतो, कारण भाषेची अडचण असेल अशी शंकाच येत नाही.

नोकरीची मुलाखत, तोंडी परीक्षा किंवा वसतिगृहाचा प्रवेश अशा ठिकाणी हा शिक्का महागात पडू शकतो.

मग काय करता येईल?

विद्यार्थ्यांसाठी: ‘थँक यू’ म्हणावं आणि त्याला कामाबद्दलचं एक खरं वाक्य जोडावं. उदाहरणार्थ, ‘थँक यू सर, आय वर्क्ड ऑन इट फॉर थ्री मंथ्स.’ यात बढाई नाही आणि नकारही नाही. श्रेय वाटून द्यायचं असेल तर ‘माय टीचर हेल्प्ड मी’ हेही इंग्रजीत चालतं.

शिक्षकांसाठी: उत्तर पाठ करून घेण्याआधी ‘तुमच्या घरी असं कुणी म्हटलं तर काय म्हणता?’ हे मुलांना विचारावं. घरची रीत चुकीची नाही, इंग्रजीत दुसरी रीत आहे, एवढं कळलं तरी मुलांची भीड कमी होते.

मुलाखत घेणाऱ्यांसाठी: ‘नथिंग स्पेशल’ ऐकल्यावर लगेच मत बनवू नये. ‘हे काम कसं केलं?’ असा पुढचा प्रश्न विचारावा. ज्याने काम केलेलं असतं, त्याला या प्रश्नावर बोलायला बरंच काही असतं.